साउंडवाले बाबा

"हिला पाण्याची भीती वाटते," सदाशिवराव म्हणाले. "पहिल्यापासून."

प्रश्न कालिंदीबाईंना विचारला होता. सई आईवर लघुपट करत होती आणि आईला अजून तोंड उघडायला मिळालं नव्हतं. लहानपणी काय आवडायचं, हेसुद्धा बाबांनीच सांगितलं. त्यांनी आईला पहिल्यांदा पाहिलं ते थेट कांदेपोह्यांच्या वेळी.

सईनं हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. स्टीरिओ रेकॉर्डर तिनं दोघांच्या मधोमध ठेवला होता. उजव्या कानात बाबा होते. डाव्या कानात पंखा होता. तिला रडूच यायला लागलं. लघुपट उद्या द्यायचा होता.

बाबांना बाहेर जा म्हणायची सोय नव्हती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते लगेच रुसत. म्हणून तिनं त्यांना काम दिलं.

"बाबा, साउंड तुम्ही सांभाळा." तिनं हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला, रेकॉर्डर हातात दिला. "नियम एकच. साउंडवाल्यानं बोलायचं नाही."

सदाशिवरावांनी साहेबाला शोभेल अशी मान डोलावली.

"आई, पाण्याची भीती कधीपासून?"

"भीती कुठली गं? माहेरी बिडकीनला आमच्या विहिरीत मी वरून सूर मारायचे." कालिंदीबाईंनी पदर सारखा केला. "लग्नाच्या वर्षी ह्यांच्या ऑफिसची सहल जायकवाडी धरणावर गेली. सगळी मंडळी पाण्यात उतरली आणि ह्यांना ओढायला लागली. ह्यांना पोहता येत नाही. तोंड पांढरंफटक पडलेलं. पाटबंधाऱ्याचा माणूस, सांगणार कसं? मग मीच म्हटलं, मला लई भीती वाटते, तुम्ही माझ्यापाशी थांबा. तेव्हापासून पाण्यात उतरले नाही. उतरले असते तर ह्यांचं बिंग फुटलं असतं."

सदाशिवरावांनी तोंड उघडलं. मिटलं. त्या दिवशी आपण बायकोसाठी काठावर थांबलो, असंच ते आजवर समजत होते. तसं ते चार लोकांत सांगतही असत. आता दोन्ही कानांत कालिंदीबाई होत्या.

"कट," सई म्हणाली.

सदाशिवरावांनी हेडफोन काढला नाही. ते बायकोकडे वळले.

"बटण दाबायचं राहिलं वाटतं," ते म्हणाले. "परत सांग. विहिरीपासून."

सईनं त्यांच्या हातातल्या रेकॉर्डरकडे पाहिलं. लाल दिवा मघापासून चांगला लागलेला होता.

"टेक टू," ती म्हणाली.