लाल टाके

धाकटीच्या हातात एका वेळी चार कामं असायची. एक गोधडी, एक स्वेटर, दोन अभ्रे, सगळी अर्धवट. थोरली जाऊ येता-जाता टोचायची, "आरंभशूर नुसती! एक तरी काम पुरं होणार आहे का गं तुझ्या हातून?"

त्या दुपारी धाकटी अभ्र्यावर फूल भरत बसली होती. गोधडी नुसती मांडीवर पडलेली होती. कित्येक दिवसांत तिने तिच्यात सुई घातली नव्हती.

पाणी प्यायला ती उठली, तर गोधडीही तिच्याबरोबर उठली.

"घेतलंस ना स्वतःलाच शिवून?" जाऊ फिदीफिदी हसली आणि स्वयंपाकघरात गेली.

गोधडी शिवताना अंगावरचे कपडे सुईत सापडतात कधीकधी. पण हे टाके लाल होते, आणि घरात लाल दोराच नव्हता. शिवाय इतके नेटके टाके धाकटीच्या हातून जन्मात पडले नसते.

तिने कात्री घेतली आणि पहिला टाका कापला.

स्वयंपाकघरात जाऊ किंचाळली.

धाकटीने जरा थांबून दुसरा कापला. पुन्हा किंकाळी.

जाऊ दारात आली. कुशीवर हात घट्ट दाबलेला, चेहरा पांढराफटक. आवाज मात्र कधी नव्हे इतका मऊ होता. "राहू दे गं, बाई. सगळीच कामं कशाला पुरी व्हायला हवीत?"

धाकटीने मांडीकडे पाहिलं. टाके अजून बरेच उरले होते.

आयुष्यात पहिल्यांदाच तिला हातातलं काम तडीस न्यावंसं वाटलं.