झोपाळू अस्वलाची गोष्ट

गळ्याला रुमाल बांधलेली आजी रोज दुपारी नातीला घेऊन वाचनालयात येई. नात हेडफोन लावून झोपाळू अस्वलाची एकच गोष्ट ऐके. हिचे कान कसे किटत नाहीत, असं ग्रंथपाल ताईला वाटे. शेजारी बसलेली आजी तोंडातून अवाक्षर काढत नसे.

आज ती गोष्ट लागेना.

“आपला करार संपला, बाळा. कंपनीने रेकॉर्डिंग काढून घेतलं.”

“मग आधीच कॉपी करून ठेवायची ना, ताई!”

“तशी परवानगी नसते. हक्क कंपनीचे. गोष्ट वाचणारीने स्वतः मागितलं, तरी मिळायचं नाही.” ताईने दुसरं रेकॉर्डिंग लावून दिलं. “हे ऐक. गोष्ट तीच, फक्त बाई वेगळी.”

नातीने क्षणभर ऐकून हेडफोन काढला.

“हे नको. ऑपरेशन झाल्यापासून आजी फक्त त्याच गोष्टीत बोलते.”