अमृतचं बक्षीस

अरबी भाषेच्या प्रसारासाठी दिला जाणारा अनुवादाचा पुरस्कार शुभ्राला मिळाला, म्हणून भोरला तिचा सत्कार झाला. मानपत्रात लिहिलं होतं, ‘मूळ मजकुरातला एक शब्दही इकडचा तिकडे न करणाऱ्या अनुवादक.’

कार्यक्रम संपल्यावर हिर्डोशीच्या रतनबाई पुढे आल्या. पदराखालून त्यांनी हळदकुंकू लावलेली फ्रेम काढली. आत अरबीत छापलेला एक कागद होता.

“माजा अमृत तिकडं आखातात कामाला हाय. त्यालाबी असंच बक्षीस मिळालंय. चार वर्सांमागं त्याच्या जोडीदारानं आनून दिलं. त्याचा फोन तेवढा येत न्हाई. काय लिवलंय, सांगता का बाई?”

शुभ्राने वाचलं. तो अमृतच्या मृत्यूचा दाखला होता.

“मावशी, उत्तम कामगार म्हणून गौरव केलाय त्याचा,” ती कशीबशी म्हणाली.

रतनबाईंनी काचेवरून हात फिरवला. “लई बरं वाटलं बगा. उगाच भ्याले व्हते.



चार वर्सं झाली, पितरांच्या पानाला कावळाच शिवंना. लोक म्हनत्यात, घरातल्या कुनाचं तरी पान वाढायचं ऱ्हायलंय.”