विरजणापुरतं दही

दूध दिलं की वाढतं. थंडीत सुस्तावतं. एका वाटीची दोन भांडी होतात. उपाशी राहिलं की मरतं.

पाचवीच्या मुलांना सजीवांची लक्षणं शिकवताना हेमलताबाई दह्याचंच उदाहरण देत. घरातलं विरजण त्यांच्या आईचं होतं. आई गेल्यावरही कालच्या चमचाभर दह्यातून रोज नवं दही लागत होतं.

डेंग्यूनं बारा दिवस दवाखान्यात काढून बाई परतल्या, तेव्हा ओट्यावर राहिलेल्या वाटीत हिरवी बुरशी होती. वाटी घासताना त्यांना रडू आवरेना.

शेजारच्या बोकीलकाकू दही आणि भात घेऊन आल्या. "वाटीवर कसला राग काढतेस गं?"

"आईचं विरजण गेलं हो, काकू."

"जाईल कुठं? संक्रांतीला आमचं दही बिघडलं, तेव्हा तुझ्याकडूनच नेलं होतं ना? तेच रोज लावतेय. खालच्या आणि वरच्या मजल्यावर माझ्याकडून गेलं. तीन मजले जेवतात तुझ्या आईच्या दह्यावर."

बाईंनी काकूंचा हात बराच वेळ सोडला नाही. मग भातावर दही घेण्याआधी त्यांनी चमचाभर बाजूला काढून ठेवलं.

आई गेली त्या सकाळी, तिनं आदल्या दिवशी लावलेलं दही घट्ट लागलं होतं.