गुडघ्याचं वळण

माड अर्ध्याहून अधिक चढून झाला आणि ओबिदिग्बोचा उजवा गुडघा अडकला.

खाली उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, उरेदियाला, नवऱ्याची पाठ थांबलेली दिसली. बत्तीस वर्षं ती दोरीनं खाली सोडलेले, ताडीनं भरलेले पोकळ भोपळे झेलत आली होती. तो कुठं थांबतो आणि कुठं थांबत नाही, हे तिला पाठ होतं.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. तू भोपळे धू."

"गुडघा ना?"

वर त्यानं दोर घट्ट धरला.

कंबर आणि खोड यांना वेढून एकच दोर. त्यावर रेलायचं, पाय खोडाला रोवायचे. एका पायानं रेटलं की दुसरा उचलता येतो, चढायलाही आणि उतरायलाही. आता उजवा पाय वाकल्या जागी अडकला होता. सगळा भार डाव्यावर, आणि डाव्याची पोटरी थरथरायला लागली होती.

दोन पावसाळ्यांपूर्वी चिखलात पाय रुतलेला असताना तो ओझ्यासकट मागं वळला होता. अंग वळलं, पाय जागीच राहिला. तेव्हापासून गुडघ्यातल्या कूर्चेचा फाटलेला तुकडा अधूनमधून दोन हाडांच्या मध्ये येऊन बसायचा. मग उरेदिया त्याला चटईवर आडवं करायची आणि टाच धरून गुडघा सोडवायची. हाडं बसवणाऱ्या म्हातारीनं तिला शिकवलं होतं, "गुडघा दारासारखा नुसता उघडमीट करत नाही, पोरी. सरळ होता होता शेवटाला जरासा वळतो. तेवढं वळण दे. जोर लावू नकोस."

पण आज गुडघा वीस हात उंचीवर होता.

"जरा झटका ना पाय!"

"झटकला तर डावा सुटेल." त्याचा आवाज शांत होता, आणि त्यानंच ती जास्त घाबरली. "उरे, कुणाला तरी हाक मार."

तिनं हाका मारल्या. बाजाराचा दिवस होता, बागेत चिटपाखरू नव्हतं. ओढ्यापलीकडचा ताडीवाला गेल्या साली असाच पडला होता. तीन दिवस जगला.

खोडाचा भुगा तिच्या कपाळावर पडला. वर डावा पाय घसरत होता.

ती पळत झोपडीत गेली, जुना दोर घेऊन आली आणि कमरेच्या कापडाचा काचा मारला.

"काय करतेस?"

"तुम्ही खाली बघू नका."

"उरेदिया! बाईनं चढायचं नाही. भुई बाटेल!"

"आणि तुम्ही पडलात तर भुई काय सोवळी राहणार आहे?"

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं तिला सांगितलं होतं. बाई माडावर चढली की भुईला विटाळ होतो, आणि मग भुई कुणाला तरी मागून घेते. कुणाला ते सासूनं सांगितलं नव्हतं.

ती चढली. पोटऱ्या सोलल्या, दोर दोनदा निसटला. शेवटी डोक्यावर त्याच्या अडकलेल्या पायाचा तळवा आला. घामानं निथळत होता.

"पाय सैल सोडा."

"सोडला तर..."

"माझ्या हातात सोडा म्हणते ना!"

तिनं टाच धरून ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली, तो कळवळला आणि डावा पाय वीतभर खाली आला. तिचा हात थांबला. जोर लावायचा नव्हता. ती तशीच लटकत त्याचा श्वास संथ व्हायची वाट पाहत राहिली. मग टाच हलकेच बाहेर, हलकेच आत. गुडघ्यात कट्‌ झालं, ते तिला तळहातात कळलं. पाय सरळ झाला.

दोघं खाली आली. आधी ती, मग तो. तो पाय पसरून बुंध्याशी बसला आणि बराच वेळ गुडघ्याची वाटी चोळत राहिला.

"तुला चढायला कुणी शिकवलं?"

"बत्तीस वर्षं वर बघतेय," ती म्हणाली. त्याला हसू आलं. तिलाही आलं असतं, पण तेवढ्यात तिला पायवाटेवर अन्याएग्बू काका दिसले.

भावकीतले ते सर्वांत वडील. सांगून ठेवलेली ताडी न्यायला आले होते. कधी आले कोण जाणे. त्यांची काठी मऊ मातीत चांगली वीतभर रुतली होती.

"काका, बाजाराला नाही गेलात?" काचा सोडत उरेदियानं विचारलं.

"गुडघा सुटला का रे?" ते ओबिदिग्बोला म्हणाले.

"सुटला, काका."

"बरं झालं."

वाटेकडेला एक ठेंगणा माड होता. त्याच्या शेंड्यातली कोवळी, पिवळसर झावळी काकांनी मोडून घेतली. बुंध्यापाशी आले आणि त्यांनी ती खोडाभोवती बांधली. निरगाठ मारली, ओढून पाहिली. विटाळ झाला की ही झावळी बांधतात. ज्याला बांधली, मग ते झाड असो की घराचं दार, त्याला गावात कुणी हात लावायचा नसतो.

"काका, ऐकून तर घ्या..." ओबिदिग्बो उठायला गेला.

काका थांबले नाहीत. ठेंगण्या माडापाशी जाऊन त्यांनी आणखी एक झावळी मोडली. ती हातात धरून, काठी टेकत ते निघाले. बाजाराचा रस्ता उजवीकडं होता. ते डावीकडं वळले, ओबिदिग्बोच्या घराकडं.