क्षमेची अट

चर्चच्या पाळकसाहेबांच्या एका पत्राला मी कधी उत्तरच दिलं नव्हतं. ‘मेणबत्ती जळती ठेवून गेलात एवढं मान्य करा, मंडळी तुम्हाला मोकळ्या मनाने क्षमा करील,’ असं त्यांनी लिहिलं होतं. चर्चमधला ऑर्गन जळाला त्या संध्याकाळी सगळ्यात शेवटी बाहेर पडलो तो मीच. पण मेणबत्ती मी स्वतः बोटांनी विझवली होती. बोलण्यात मी पहिल्यापासून कच्चा, कुणाला पटवता आलं नाही. मी चर्चला जाणं सोडलं. माझ्यापायी बायकोचंही सुटलं, आणि तिचं तिथलं गाणंही.

परवा खिडकीतून चर्चमधल्या गाण्याच्या तालमीचे सूर आले. भांडी घासता घासता ती थांबली.

“अहो, ही नवी बाई गातेय की किंचाळतेय?”

“तू जा ना मग.”

“तुम्हाला घरी ठेवून? नको बाई.” मग पाठमोरीच म्हणाली, “तुम्ही काही केलं नाहीत, ठाऊक आहे मला. पण ते बिचारे क्षमा करायला कधीचे तयार बसलेत हो.”

 

मी टेबलाशी बसलो, न केलेली चूक सुवाच्य अक्षरात कबूल केली आणि पत्र पेटीत टाकून आलो.