तीच पट्टी

कव्हरमध्ये एक गिटार, दोन सुट्या तारा आणि सूर तपासायचा एक ट्यूनर होता. नवरा गेल्यावर रेवतीने ते आज पहिल्यांदा उघडलं.

दोघांचाच रॉक बँड होता. गाणी तो रचायचा, ती गायची. घशाच्या ऑपरेशननंतर ती म्हणाली होती, "आवाज वर जात नाही रे आता."

"आधी गाऊन तर बघ." त्याने गिटार छेडली आणि ती वरच्या सुरापर्यंत गायली. "बघ, तीच पट्टी. रडूबाई." मग सहा वर्षं त्यांनी कार्यक्रम केले.

आज नव्या गिटारवादकाने त्याच गिटारच्या तारा छेडल्या. "ताई, या खालच्या सुरात लावल्यात."

"पडून होती, उतरल्या असतील."

"मग बेसूर वाजल्या असत्या. या एकमेकींशी जुळलेल्या आहेत."

रेवतीने ट्यूनर लावला. सहाही तारा बरोबर दोन स्वर खाली होत्या.